बंद खोलीतील हवेचे निर्जंतुकीकरण : कोंबडीघर आणि अळंबीगृह यांसाठी



मृग नक्षत्र जवळ आले, की सिंधुदुर्गनगरीच्या परिसरात होणाऱ्या प्रशिक्षण वर्गांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो. "पिल्लांच्या खोलीत धुरी कसली द्यायची?" धिंगरी अळंबीचे उत्पादन घेणाऱ्या बचत गटातील भगिनींचा प्रश्नही याच जातीचा असतो. पिशव्यांवर हिरवी बुरशी आली, आता खोलीत कोणते औषध मारू? या प्रश्नांचे उत्तर एका औषधाचे नाव सांगून देता येत नाही. योग्य निर्जंतुकीकरण झाले नाही तर पिल्ले पहिल्या पंधरवड्यातच दगावतात आणि चुकीच्या पद्धतीने झाले तर माणसाचे डोळे आणि फुप्फुसे धोक्यात येतात. आपल्याकडे पिल्लांची किंवा अळंबीची खोली बहुधा घराच्या पडवीला लागून किंवा अंगणापलीकडच्या मांगरात असते. त्यामुळे दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

हवेतील जंतू येतात कोठून?

हवा हे जंतूंचे घर नव्हे. हवेत त्यांना खायला काही नसते, वाढायला जागा नसते. ते धुळीच्या कणावर, पिसांच्या कोंड्यावर, वाळलेल्या विष्ठेच्या भुकटीवर किंवा पक्ष्याच्या शिंकेतील अतिसूक्ष्म थेंबावर बसून प्रवास करतात. बुरशीचे बीजाणू तर इतके हलके असतात की एकदा उडाले की तासन्‌तास तरंगत राहतात. म्हणजे हवेत जे आहे ते जमीन, भिंत, छप्पर आणि गादी यांच्यावरून उठलेले आहे. हवा स्वच्छ करण्याचे निम्म्याहून अधिक काम झाडू, पाणी आणि ब्रश यांचे आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे.

या बाबतीत वैद्यकाच्या इतिहासातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जोसेफ लिस्टर या शल्यवैद्याने १८६५ पासून जखमांसाठी कार्बोलिक आम्ल वापरायला सुरुवात केली आणि पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी खोलीच्या हवेत त्याचा फवाराही सुरू केला. फवाऱ्याने शल्यवैद्यांचे हात आणि डोळे पोळत, पण जखम बिघडते ती हवेपेक्षा हात, अवजारे आणि कपडे यांच्यामुळे, हे जसजसे कळत गेले तसतसा फवारा मागे पडला. १८९० मध्ये खुद्द लिस्टरनेच त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. आपल्याकडेही २०२० साली करोनाच्या धास्तीने माणसांवर क्लोरीनयुक्त पाण्याचे फवारे मारणारे बोगदे ठिकठिकाणी उभे राहिले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला असे फवारे माणसांवर मारू नयेत असे स्पष्टपणे सांगावे लागले. हवेत काहीतरी फवारले की मनाला समाधान वाटते. त्या समाधानाची किंमत किती, हे तपासून पाहिले पाहिजे.

पिल्लांच्या खोलीतील खरा शत्रू

आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवा सतत दमट असते. अशा हवेत भातगिरणीतून आणलेले तूस किंवा लाकडाचा भुसा पोत्यातच ओलावा धरतो आणि त्याला बुरशी लागते. या बुरशांपैकी अॅस्परजिलस जातीची बुरशी पिल्लांना घातक ठरते. तिचे बीजाणू दोन ते तीन मायक्रॉन आकाराचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे असतात. गादी पसरताना ते उडतात, पिल्लाच्या श्वासावाटे फुप्फुसात आणि वायुकोशांत जातात आणि तेथे रुजतात. पिल्ले चोच उघडून धापा टाकतात, पेंगतात, खाणे सोडतात. शवविच्छेदनात फुप्फुसांवर पिवळसर पांढऱ्या बारीक गाठी आढळतात. एकदा रोग जडला की त्यावर परवडणारा इलाज नाही. प्रतिजैविके बुरशीवर चालत नाहीत, तरीही अनेक ठिकाणी पाण्यातून तीच दिली जातात आणि पैसा फुकट जातो.

येथे एक विरोधाभास ध्यानात येईल. खोलीला कितीही कडक औषधाची धुरी दिली आणि नंतर त्यात बुरशी लागलेले तूस पसरले, तर धुरीचा उपयोग शून्य. म्हणून पावसाळी बॅचसाठी लागणारे तूस मे महिन्यातच आणावे, दोन दिवस कडक उन्हात पातळ पसरून वाळवावे आणि प्लॅस्टिकच्या कागदात बांधून जमिनीपासून उंचावर ठेवावे. मूठभर तूस नाकाशी धरल्यास कुबट वास येता कामा नये. वास येत असेल तर ते शेतात टाकावे, पिल्लांखाली नको.

मानमोडीचा म्हणजे रानीखेत रोगाचा विषाणूही हवेतून पसरतो, पण त्याला रोखण्याचे मुख्य साधन लसीकरण आहे. लस चुकवून धुरीवर भरवसा ठेवू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आढळला, हे आपल्याला आठवत असेल. अशा रोगाची शंका आली तर स्वतः औषधे मारत बसू नये. पक्ष्यांना हात न लावता, त्यांची हलवाहलव न करता पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच वर्दी द्यावी.

धुण्याआधी धुरी नको

बॅच निघाली की जुनी गादी पूर्णपणे बाहेर काढून शेडपासून दूर खड्ड्यात टाकावी. जाळ्या, पंखे, तुळया यांवरील धूळ झाडून घ्यावी. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने जमीन आणि भिंती ब्रशने घासून धुवाव्यात आणि खोली पूर्ण वाळू द्यावी. विष्ठेचा पातळ थर राहिला तरी औषध त्या थरातच खर्ची पडते आणि खालचे जंतू सुखरूप राहतात. बाजारातील कोणतेही महागडे औषध याला अपवाद नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, तिचा उल्लेख घाटावरच्या पुस्तकांत सापडत नाही. आपली बांधकामे जांभ्या चिऱ्याची. चिरा सच्छिद्र असतो. त्याच्या प्रत्येक भोकात धूळ, ओल आणि बीजाणू दडून बसतात. ब्रश तेथे पोचत नाही. म्हणून पिल्लांच्या खोलीच्या भिंतींना आतून निदान चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घ्यावा. ते शक्य नसेल तर प्रत्येक बॅचनंतर चुन्याचा दाट हात द्यावा. कळीचा चुना ताजा विरवून वापरला तर तो अतिशय तीव्र अल्कधर्मी असतो आणि बहुतेक जंतू त्यात टिकत नाहीत. शिवाय भोके बुजतात. दुकानातील रंगीत डिस्टेंपरने हे काम होत नाही. चुना विरवताना उकळी फुटते, तेव्हा डोळे सांभाळावेत.

फॉर्मेलीनची धुरी : केव्हा आणि कशी

बंद, रिकाम्या खोलीतील हवा आणि पृष्ठभाग एकाच वेळी निर्जंतुक करण्यासाठी फॉर्मेलीन आणि पोटॅशियम परमँगनेट यांची धुरी अनेक वर्षांपासून प्रचलित आहे. फॉर्मेलीन म्हणजे पाण्यात विरघळलेला फॉर्माल्डिहाइड वायू, सुमारे ३७ ते ४० टक्के तीव्रतेचा. परमँगनेटशी संयोग होताच मोठी उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने उरलेला वायू पाण्याच्या वाफेसह बाहेर पडतो आणि फटीफटींत शिरतो. जिवाणू, विषाणू आणि बुरशीचे बीजाणू या तिन्हींवर तो चालतो. हाच त्याचा गुण आहे.

मात्र आधी आपली खोली धुरीलायक आहे का हे पाहावे. वरून कौले आणि बाजूंनी जाळी असलेल्या मांगरात धुरी देणे म्हणजे वाऱ्यावर पैसे उडवणे होय. कौलांच्या फटींतून वायू काही मिनिटांत निघून जातो. आपल्या जिल्ह्यातील बहुतांश उघड्या शेडची हीच स्थिती आहे. अशा शेडमध्ये धुरीचा नाद सोडून धुणे, चुना आणि जंतुनाशकाची फवारणी यांवर भर द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. धुरी द्यायची ती स्लॅबच्या किंवा पत्र्याच्या, दारे-खिडक्या घट्ट बंद होणाऱ्या ब्रूडर खोलीत. पत्र्याच्या सांध्यांना आणि फटींना कागद चिकटवून घ्यावा. ती खोली राहत्या घराला लागून असेल आणि मधली भिंत छपरापर्यंत गेलेली नसेल, तर तेथेही धुरी देऊ नये.

प्रमाण असे आहे. दर १०० घनफुटांना ४० मिलिलिटर फॉर्मेलीन आणि २० ग्रॅम परमँगनेट ही एकपट मात्रा. नेहमीच्या, नीट धुतलेल्या खोलीसाठी दुप्पट आणि आधीच्या बॅचमध्ये रोग आला असल्यास तिप्पट मात्रा वापरतात. समजा, खोली १५ फूट लांब, १० फूट रुंद आणि ८ फूट उंच आहे. १५ × १० × ८ म्हणजे १२०० घनफूट. दुप्पट मात्रेने ९६० मिलिलिटर फॉर्मेलीन आणि ४८० ग्रॅम परमँगनेट लागेल. तिप्पट मात्रेने १४४० मिलिलिटर आणि ७२० ग्रॅम. हे सारे एका भांड्यात न करता चार भांड्यांत विभागावे. तिप्पट मात्रेत प्रत्येक भांड्यात १८० ग्रॅम परमँगनेट आणि त्यावर ३६० मिलिलिटर फॉर्मेलीन येईल. मिश्रण जोरात फसफसते, म्हणून भांडे फॉर्मेलीनच्या किमान दहापट मापाचे, खोल आणि मातीचे किंवा एनॅमलचे असावे. वरील उदाहरणात पाच लिटरचे मडके पुरेल. प्लॅस्टिकची बादली कदापि नको, ती उष्णतेने वितळते.

वायूला काम करण्यासाठी ऊब आणि ओलावा दोन्ही लागतात. तापमान २४ अंशांच्या वर आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असावी. घाटावर त्यासाठी खटपट करावी लागते, आपल्याकडे निसर्गच ते पुरवतो. फक्त उन्हाळ्यात दुपारी धुरी देत असाल तर जमिनीवर आधी पाणी शिंपडावे.

आता क्रम. प्रथम सर्व भांड्यांत परमँगनेट मोजून ठेवावे. मग आतल्या टोकाच्या भांड्यापासून सुरुवात करून दाराकडे येत प्रत्येकात मोजलेले फॉर्मेलीन झटकन ओतावे आणि न थांबता बाहेर पडून दार लावावे. उलट, म्हणजे फॉर्मेलीनमध्ये परमँगनेट टाकणे, धोक्याचे आहे. उसळी थेट तोंडावर येते. एकट्याने हे काम करू नये, दाराशी दुसरा माणूस उभा असावा. भांड्याभोवती दोन फुटांपर्यंत तूस, कागद, गोणपाट ठेवू नये, कारण उष्णतेने पेट घेण्याचा संभव असतो. हा वायू स्वतःही ज्वालाग्राही आहे, म्हणून विडी-काडी, कंदील, चूल काहीही जवळ नको. खोली २४ तास बंद ठेवून दारावर खूण करून ठेवावी. नंतर दारे-खिडक्या उघडून निदान एक ते दोन दिवस वारा खेळू द्यावा.

धुरी नीट झाली की नाही, हे भांड्यातील गाळावरून कळते. गाळ तपकिरी आणि कोरडा असेल तर प्रमाण बरोबर. ओला राहिला असेल तर परमँगनेट कमी पडले, जांभळा रंग उरला असेल तर ते जास्त झाले. फॉर्मेलीनच्या बाटलीत तळाशी पांढरा साका बसला असेल तर त्याची ताकद घटलेली असते. असा माल घेऊ नये.

आणि आता धोक्याची बाजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. पूर्वीच्या माहितीपत्रकांत हे वाचायला मिळत नसे. एकदा वास घेतल्याने कर्करोग होत नाही, पण दर दीड महिन्याला बेफिकिरीने हे काम करणाऱ्याने याचा विचार केलाच पाहिजे. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वायू नव्हे. करोनाच्या काळातील मुखपट्टीनेही वायू अडत नाही. त्यासाठी वायू शोषणारी डबी असलेला मुखवटा, बंद चष्मा आणि रबरी हातमोजे हवेत. हे साहित्य नसेल तर धुरी देऊ नये. गरोदर स्त्रिया, मुले आणि दम्याचे रुग्ण यांना त्या दिवशी आसपास फिरकू देऊ नये. डोळ्यात थेंब उडाल्यास पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि दवाखाना गाठावा. उरलेले फॉर्मेलीन सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवण्याची सवय तर जिवावर बेतणारी आहे.

साहित्य नसलेल्या लहान उत्पादकाने काय करावे? ग्लुटराल्डिहाइड आणि क्वाटर्नरी अमोनियम यांचे मिश्रण असलेली जंतुनाशके बाजारात मिळतात. वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणात ती धुतलेल्या, वाळलेल्या रिकाम्या खोलीत भिंती आणि छपरासह फवारावीत. वायूसारखी ती फटींत शिरत नाहीत, पण पन्नास-शंभर पिल्लांच्या व्यवसायाला चुना आणि ही फवारणी पुरेशी आहे. परसातल्या खुराड्याला तर तेही नको. ते उन्हात उलटे करावे, खरवडावे, चुना लावावा.

अळंबीच्या खोलीचे निराळे गणित

अळंबी ही स्वतःच बुरशी आहे. जे औषध हिरव्या बुरशीला मारते ते धिंगरीलाही मारते. म्हणून पिशव्या खोलीत आल्यावर कोणतीही धुरी किंवा जंतुनाशकाचा फवारा चालत नाही. जे करायचे ते खोली रिकामी असताना. एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर बाजारातील फॉर्मेलीन या प्रमाणात द्रावण करून भिंती, जमीन आणि मांडण्या यांवर फवारावे, खोली २४ तास बंद ठेवावी आणि वास पूर्ण जाईपर्यंत उघडी ठेवावी. मुखवट्याचा नियम येथेही तोच. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत हेही टाळून चुना वापरावा.

हिरवी बुरशी मात्र बहुतेक वेळा हवेतून नव्हे, पेंढ्यातून येते. भाताचा पेंढा त्याच हंगामाचा, पिवळाधमक आणि पावसात न भिजलेला असावा. तो भिजवून ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवून निथळावा. रसायनात भिजवण्याची पद्धतही रूढ आहे. पण आपल्याकडे जळण उपलब्ध असते आणि अळंबी अखेर ताटात यायची असते, म्हणून गरम पाणीच बरे. बियाणे भरताना पंखा बंद ठेवावा, झाडू मारू नये, हात साबणाने धुऊन स्पिरिटने पुसावेत. एखाद्या पिशवीवर हिरवा डाग दिसला तर ती खोलीत उघडू नये. उघडली की लाखो बीजाणू शेजारच्या पिशव्यांवर बसतात. ती तशीच बाहेर नेऊन खोल पुरावी.

अळंबीच्या खोलीत हवेचा आणखी एक धोका आहे, त्यावर कोणतेही जंतुनाशक नाही. धिंगरी पक्व झाली की तिच्या छत्रीखालून बीजाणूंची बारीक पांढरी पूड झडते. बंद खोलीत रोज ती श्वासात गेल्याने काहींना खोकला, ताप, अंगदुखी आणि दम लागणे असा त्रास सुरू होतो. काम बंद ठेवले की बरे वाटते आणि खोलीत गेले की पुन्हा होते, ही त्याची खूण. भगिनींनो, हा त्रास सर्दी समजून अंगावर काढू नका. छत्रीची कड वर वळण्याआधीच काढणी करावी, काढणीपूर्वी थोडा वेळ खोली उघडी ठेवावी आणि नाकातोंडावर चांगली मुखपट्टी बांधावी. पूड हा कण आहे, वायू नव्हे, त्यामुळे येथे मुखपट्टीचा उपयोग होतो. ज्यांना त्रास सुरू झालेला आहे त्यांनी खोलीतील काम दुसऱ्याकडे द्यावे आणि डॉक्टरांना अळंबीचा व्यवसाय आहे हे आवर्जून सांगावे.

इतर साधने

ब्लिचिंग पावडर स्वस्त आहे आणि ताजी असताना तिच्यात सुमारे ३० टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. आपल्या दमट हवेत उघड्या पोत्यातील पावडर काही आठवड्यांत नुसता चुना बनते. डोळ्यांत पाणी आणणारा वास राहिला नसेल तर ती पावडर निकामी समजावी. तिच्या द्रावणाने जमीन धुवावी. मात्र शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल, अमोनिया किंवा फॉर्मेलीन यांच्याशी ती कधीही एकत्र करू नये. विषारी वायू तयार होतात.

गंधक जाळण्याची पद्धत जुनी आहे. त्याचा धूर लोखंडी पत्रे, जाळ्या, पंखे गंजवतो. समुद्राकाठच्या मालवण, वेंगुर्ले, देवगड भागात खाऱ्या वाऱ्याने पत्रा आधीच झिजत असतो. त्यात ही भर नको. कडुनिंबाचा पाला, धूप, गुग्गुळ यांच्या धुराने डास पांगतात, दुर्गंधी झाकली जाते. पण पिल्ले आत असताना कोणताही धूर वाईटच. कोंबडीचे श्वसन फुप्फुसांपुरते नसते, वायुकोशांतून धूर पोटापर्यंत जातो.

अतिनील किरणांचे दिवे अळंबी बियाणे प्रयोगशाळेत वापरतात आणि तेथे ते योग्यच आहेत. करोनानंतर ते शेडसाठीही विकले जाऊ लागले. हे किरण सरळ रेषेत जातात, सावलीत काम करत नाहीत, नळीवर धूळ बसली की अडतात. कोंबडीघरात धुळीला काय तोटा! शिवाय नळी जुनी झाली तरी निळा उजेड दिसत राहतो, किरण मात्र घटलेले असतात. दिवा चालू असताना आत गेल्यास डोळे आणि कातडी भाजते. ओझोन सोडणारी यंत्रे जंतूंना पुरेल इतका ओझोन सोडू लागली तर तो पक्ष्यांनाही अपायकारक ठरतो. या दोन्हींवर पैसे घालण्यापेक्षा छपराला वायुवीजनाचा कंगोरा करून घ्यावा.

पक्षी आत असताना

पिल्ले आली की जंतुनाशकाचे काम संपते आणि वाऱ्याचे सुरू होते. पावसाळ्यात झड येते म्हणून आपण गोणपाटाचे पडदे जमिनीपासून छपरापर्यंत बांधून टाकतो. आतली ओल आणि विष्ठेतील अमोनिया कोंडतो. अमोनियाचे प्रमाण हवेत दशलक्ष भागांत २५ च्या वर गेले की श्वासनलिकेतील बारीक केसांची झालर निकामी होऊ लागते, आणि जी धूळ एरवी बाहेर टाकली गेली असती ती जंतूंसह खाली उतरते. पडदा वरून फूटभर मोकळा ठेवावा आणि खालून बंद करावा, म्हणजे पिल्लांच्या अंगावर वारा येत नाही पण कोंडलेली हवा निघून जाते. पाण्याच्या भांड्याभोवतालची ओली गादी रोज काढून तेथे कोरडे तूस टाकावे. बाकीची गादी दोन-तीन दिवसांनी हलवावी, पण ती कोरडी असेल तर धूळ उठणार नाही इतक्या हळुवारपणे.

उभ्याने वास घेऊन अमोनियाचा अंदाज येत नाही, कारण पिल्लू जमिनीपासून चार बोटांवर श्वास घेते. पहाटे, पडदे उघडण्यापूर्वी, खोलीच्या मध्यभागी उकिडवे बसून तोंड गादीजवळ न्यावे. डोळे चुरचुरले तर पडदा आदल्या रात्री जास्त बंद होता. त्या रात्रीपासून तो आणखी वीतभर खाली घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बसून पाहावे.